पाम बीचवर तापते, सिग्नलला निवते

आमची झेन पाम बीच रोडवर तापायची आणि वाशीच्या सिग्नलला निवायची. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "उलटं सांगताय साहेब. गाडी सिग्नलला तापते. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो, तिथे थंड होते." म्हणणाऱ्याचंही चूक नव्हतं, बहुतेक गाड्यांचं तसंच असतं. पण आमच्या गाडीचं तसं नव्हतं, आणि हे 'उलटं' कुणीच मनावर घेत नसल्यामुळे जवळजवळ अख्खा उन्हाळा गॅरेजांच्या पायऱ्या झिजवण्यात गेला.

गाडी वडिलांनी घेतलेली, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. मारुतीने झेन 1993 साली आणली आणि 2006 मध्ये बंद केली. 993 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आणि हेडही. त्यामुळे वजनाला हलकी, पळायला चपळ, पण तापण्याच्या बाबतीत नाजूक. जुन्या बिडाच्या इंजिनाने दोन-चारदा उकळी सोसली असती. अॅल्युमिनियमचं हेड एकदा नीट तापलं की त्याला बाक येतो, गॅस्केट जातं आणि मग खर्चाला धरबंध राहत नाही. शिवाय पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणजे वाशीच्या आरटीओची वारी आलीच. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली, पर्यावरण कर वेगळा. एवढं सगळं भरून गाडी ठेवायची आणि ती नेरूळच्या पुढे गेली की काटा लाल पट्टीकडे सरकायचा, म्हटल्यावर घरात "भंगारात द्या" हा ठराव अधूनमधून मांडला जायचा. वडील त्यावर काही बोलत नसत. रविवारी सकाळी खाली जाऊन काच पुसून येत, एवढंच.

पहिल्या गॅरेजने फॅन धरला. या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा विजेवर चालतो. इंजिनात फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक थर्मोस्विच असतो; पाणी ठरावीक तापलं की तो पंखा चालू करतो, निवलं की बंद. मेकॅनिकने स्विचच्या वायरी एकमेकींना जोडल्या, पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर ठीक होती. तरीही "मोटर वीक आहे" म्हणत ती बदलली गेली आणि वर फॅन 'डायरेक्ट' करून मिळाला, म्हणजे डॅशबोर्डखाली एक बटण बसवलं, ते दाबलं की पंखा सतत चालू. नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांपैकी किती गाड्यांत हे बटण असेल, कुणास ठाऊक. मी तरी बऱ्याच पाहिल्यात. आमच्या गाडीचा परिणाम असा झाला की सिग्नलला ती आधीच थंड असायची, ती आणखी थंड झाली. पाम बीचवर काही फरक नाही.

दुसऱ्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला. हा तर आपल्याकडचा रामबाण उपाय. थर्मोस्टॅट ही मेणाच्या जोरावर उघडणारी एक छोटी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. नंतर ती उघडते. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? गरमीत याचं कामच नाय," असं सांगून ती काढतात आणि गिऱ्हाईकही मान डोलावतो. प्रत्यक्षात इंजिन जे तापमान धरून बनवलेलं असतं, तिथपर्यंत ते वेळेत पोचतच नाही. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोलचा अंश साचत जातो आणि सिलिंडर झिजतात. हे सगळं सावकाश होतं, म्हणून काढणाऱ्याचं नाव त्यात येत नाही.

काढलेला थर्मोस्टॅट मी मागून घेतला आणि घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने टांगला. शेजारी थर्मामीटर. झडपेवर कोरलेला आकडा 82 होता. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं तशी ती हलली आणि उकळी फुटायच्या आत पूर्ण उघडली. म्हणजे बिचारी निर्दोष होती. ते पातेलं आईने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही. अजूनही गाडीच्या डिकीत आहे.

तिसऱ्या ठिकाणी निदान झालं ते हेड गॅस्केटचं. "हेड खोलावं लागेल. फेसिंग करून घेऊ, गॅस्केट किट टाकू, वॉटर पंपही बदलून टाकू." आकडा ऐकून वडिलांनी प्रथमच तोंड उघडलं आणि म्हणाले, "खालच्या मजल्यावरच्या काकांना एकदा विचार."

हे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घाटातल्या गाड्यांवर आयुष्य गेलेलं. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलंच नाही. खुर्चीत बसल्या-बसल्या विचारलं, "कधी तापते?"

मी नेहमीचं 'उलटं' सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग बरंय, निम्मं काम झालं. आता आठवडाभर लिहून आण. कुठे तापली, वेग किती, एसी चालू की बंद, चढ होता का, आणि काटा खाली यायला किती वेळ लागला. एक ओळ सुटता कामा नये."

फोनमध्ये लिहीत गेलो. सायन-पनवेल महामार्गावर वाशी नाक्याच्या गर्दीत सरपटताना काटा निम्म्याच्या खाली. पाम बीचवर साठच्या वेगाला निम्म्यावर, एसी लावला की वर. उरणकडच्या मोकळ्या रस्त्यावर ऐंशीला सरळ वर चढत जाणारा. बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद, तरीही वर. आणि प्रत्येक वेळी बाजूला घेऊन गाडी नुसती चालू ठेवली, की काही मिनिटांत खाली. फोनमधली नोंद पाहून काका म्हणाले, "ही गाडी स्वतःच बोलते आहे. ऐकायला माणूस नव्हता."

त्यांनी समजावलं ते असं. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन अगदी थोडी उष्णता बाहेर टाकतं. तेवढी घालवायला निम्मा रेडिएटरही पुरतो, मात्र वारा नसल्यामुळे पंखा हवा. म्हणून सिग्नलला तापणाऱ्या गाडीत पंखा, त्याचा फ्यूज, रिले, स्विच पाहायचे. वेगात किंवा चढावर मात्र इंजिन कितीतरी जास्त उष्णता टाकतं. वारा तिथे भरपूर असतो, त्यामुळे पंख्याचा दोष नाही. तिथे कमी पडतं ते पाणी. एक तर पुरेसं फिरत नाही, नाहीतर फिरतं पण निवत नाही. "गर्दीत तापते तर वारा बघ, वेगात तापते तर पाणी बघ. आणि सकाळी चालू केल्या केल्या पाच मिनिटांत तापली, तर हेड बघ." तीन गॅरेजांत मिळून हे एक वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं.

हेड खोलण्याआधी ते गेलेलं आहे की नाही हे न खोलता पाहता येतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं रेडिएटरचं टोपण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि गाडी चालू केली. सिलिंडरमधला गॅस पाण्याच्या वाटेत शिरत असेल तर गार इंजिनावरच बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. टोपण लावलेलं असेल तर वरचा होस पाणी तापायच्या आतच दगडासारखा टणक होतो. आमच्याकडे सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. ऑइलचं झाकण उघडलं. ऑइलमध्ये पाणी गेलं की त्याचा 'चहा होतो', तसा रंग नव्हता. चारही प्लग काढून शेजारी-शेजारी मांडले. पाणी शिरणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघतो. आमचे चारही सारखेच मळके होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, पाणीही फारसं कमी होत नव्हतं. हेड वाचलं.

मग खालचा होस. हा पाणी रेडिएटरमधून पंपाकडे ओढून नेतो, म्हणजे त्याच्यात दाब नसून ओढ असते. तो चपटा होऊ नये म्हणून पुष्कळ गाड्यांत आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून विरघळली की गाडी वेगात असताना पंप जोरात ओढतो, होस गालफाडासारखा आत जातो आणि पाणी अडतं. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत होस पुन्हा गोल. कुणाला काही दिसतच नाही. लक्षणं मात्र अगदी आमच्यासारखी. काकांनी मला अॅक्सिलरेटरवर बसवलं आणि स्वतः होसकडे बघत उभे राहिले. इंजिन चार हजारांच्या आसपास घुमवलं तरी होस हलला नाही. पंपाचा पट्टा ताठ होता, पंपाखालच्या गळतीच्या छिद्रापाशी डागही नव्हता. उरला रेडिएटर.

घरात कोविडच्या दिवसांतलं कपाळाला धरायचं थर्मामीटर होतं. ते रेडिएटरला धरलं तर त्याने 'हाय' एवढंच लिहून दाखवलं. त्याची धाव माणसाच्या तापापुरतीच. कारखान्यात वापरतात तसलं इन्फ्रारेड थर्मामीटर एका मित्राकडून आणलं, तो रबाळेच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्याने देतानाच सांगितलं, चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं, कमी दाखवतं, काळी टेप चिकटव आणि टेपवर नेम धर. त्याप्रमाणे रेडिएटरवर टेपचे छोटे तुकडे चिकटवले, गाडी पूर्ण गरम केली आणि एकेक आकडा घेतला. वरच्या टाकीवर 91. खाली उजवीकडे 68, डावीकडे 66. आणि मधल्या भागातल्या रुंद पट्ट्यात 44, 46, 43. इकडे इंजिन पूर्ण तापलेलं आणि तिकडे रेडिएटरच्या पोटात हात ठेवता येईल इतकं गार. म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

रेडिएटर कळंबोलीला नेला. ट्रक टर्मिनलच्या आसपास अजून जुन्या पद्धतीने रेडिएटर खोलणारे कारागीर आहेत. आमच्या गाडीत कधीतरी कुणीतरी तांब्या-पितळेचा बसवलेला होता, हे नशीब. प्लास्टिकच्या टाकीचा असता तर खोलण्यापेक्षा नवाच घ्यावा लागला असता. तिथल्या चाचांनी एसीच्या कंडेन्सरमागची बाजू आधी दाखवली. बाहेरून काही दिसत नाही, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, पानांचा चुरा, पिसं आणि सावरीचा कापूस यांचा नमदा बसलेला होता. उलव्याकडे विमानतळाचं काम चाललेलं असताना मी रोज डंपरांच्या मागून जात होतो, त्याचा हिशोब तिथे जमा झालेला. खाडीच्या खाऱ्या हवेने खालच्या बाजूच्या, नळ्यांमधल्या पातळ फिन्सही इतक्या कुजल्या होत्या की बोट लावलं तर भुगा व्हायचा.

मग त्यांनी बर्नरने डाग सोडवून वरची टाकी उचलली. नळ्यांची तोंडं उघडी पडली आणि मी पहिल्यांदा रेडिएटरचं आतलं पाहिलं. कडेच्या नळ्यांत उजेड आरपार दिसत होता. मधल्या नळ्या पांढऱ्या-तांबूस थराने गच्च भरलेल्या, गिझरच्या कॉइलवर चढतो तसल्या. चाचांनी एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "बोअरचं पाणी भरत होतात ना?" कूलंट कमी झालं की मिळेल ते पाणी भरणं ही सगळ्या ड्रायव्हरांची रीत, आमच्या गाडीच्या गावाकडच्या फेऱ्यांत विहिरीपासून टँकरपर्यंत सगळ्या गावांचं पाणी तिने प्यायलेलं होतं. चाचा चपटी पोलादी सळई घेऊन बसले आणि एकेक नळी मोकळी करत गेले. सळई घालायची, सावकाश फिरवायची, जोर लावला तर नळी फाटते. त्यांच्या हाताकडे पाहताना कळत होतं की हे काम यंत्राने होणारं नाही आणि करणारी माणसंही फार उरलेली नाहीत. दोन नळ्या फाटक्याच निघाल्या, त्या डाग देऊन कायमच्या बंद केल्या. शेवटी टाकी पुन्हा झाळून, हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवून पाहिली. नव्या रेडिएटरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं.

थर्मोस्टॅट पुन्हा जागेवर गेला. फॅनचं बटण काढलं, स्विच पूर्ववत जोडला. कूलंट भरायला काकांनी गाडी पारसिक हिलच्या चढावर न्यायला लावली, तोंड वर करून. टोपण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. तोंड उंचावर असलं की इंजिनात अडकलेली हवा टोपणाकडे वर येते. ती आत राहिली तर सगळं नवं करूनही गाडी तापते आणि मग दोष पंपावर जातो. मे महिन्यात हीटर लावून बसलेले दोन इसम पाहून फिरायला आलेली मंडळी थबकत होती. 

यानंतर पाम बीचचा प्रश्न मिटला. पण एक बारीक गोष्ट शिल्लक होती. सकाळी पाहावं तर बाजूची प्लास्टिकची बाटली काठापर्यंत भरलेली आणि रेडिएटरमध्ये मात्र पाणी दोन बोटं कमी. हे टोपणाचं काम. त्यावर 0.9 लिहिलेलं असतं. म्हणजे तेवढा दाब ते आत धरून ठेवतं. त्या दाबाला साधं पाणीही 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहून उशिरा. टोपणातली दुसरी, उलटी झडप इंजिन निवल्यावर बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेते. रबर कडक झालं की पाणी बाहेर जातं, परत येत नाही. तीन गॅरेजांत मिळून बरंच काही बदललं गेलं होतं, पण शंभर-दोनशे रुपयांच्या या टोपणाकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

काकांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती इथे सांगून ठेवतो. काट्याचा सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. होस फुटून पाणी संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, इकडे इंजिन जळत असतं. वर चढलेला काटा विनाकारण धाडकन पडला, तर आनंद न मानता गाडी बाजूला घेऊन बंद करायची. आणि गरम टोपणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. चेहरा भाजलेली माणसं त्यांनी डेपोत पाहिली होती.

पावसाळ्याआधी वडिलांना घेऊन पुण्याला गेलो, मुद्दाम जुन्या रस्त्याने. खोपोली सोडली की घाट लागतो आणि गाडीची खरी परीक्षा होते. वडिलांच्या तरुणपणी फियाट घेऊन निघालेला माणूस खोपोलीला पाण्याचा डबा भरून घ्यायचा आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला थांबायचा, ते भक्तीइतकंच रेडिएटर निववायलाही. ब्रिटिशांना बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, असं सांगतात. आम्हीही थांबलो, वडिलांनी नाणं टाकलं, मी काट्याकडे पाहिलं. निम्म्याच्या जरा खाली. वरच्या वळणावर एक नवीकोरी मोठी गाडी बॉनेट उघडून उभी होती, आतून एसीचा आवाज येत होता. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणायला हरकत नाही. 'भंगारात द्या' हा ठराव त्यानंतर घरात मांडला गेलेला नाही.

आता एक विनंती, कारण जुन्या गाडीचं पाणी बदलणारे बहुतेक जण ते सोसायटीच्या पार्किंगमध्येच बदलतात. काढलेलं कूलंट गटारात किंवा फरशीवर सोडू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर लागतं, म्हणून भटकी कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जुन्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' असं मोठ्या अक्षरात लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजवाला वापरलेलं ऑइल ज्या पिंपात साठवतो, त्याच्या शेजारी वेगळं ठेवायला त्याला सांगून द्या. सांडलंच तर आधी जुन्या फडक्याने नीट टिपून घ्या आणि मगच जागा तेवढी धुऊन घ्या.